ऑपेराचं थेट रेडिओ प्रक्षेपण: गायक मागे सरकला की आवाज बुडतो

खर्ज:
रंगमंचाच्या पुढच्या काठावर पाच कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे), पिटमध्ये, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात, वेगळे. गायकांच्या अंगावर माइक नाहीत. काठाशी असेपर्यंत शब्द न् शब्द कळतो, पण पाच-सहा मीटर मागे गेले की ऑर्केस्ट्रा त्यांना गिळतो. शिवाय पावलांचा धपधपाट. तालमीत पाचही फेडर (माइकची पातळी वर-खाली करणाऱ्या सरकपट्ट्या) वर होते. काय बदलावं?

फेडरवाला:
पाचही उघडे, हेच मूळ दुखणं. उघडे माइक दुप्पट झाले की पिटची गळती आणि सभागृहाचा घुमारा साधारण ३ डेसिबलने वाढतो. एकाऐवजी पाच म्हणजे ७ डेसिबल! गायक मात्र जवळच्या एकातच स्पष्ट येतो. तेवढा वर ठेवा, बाकीचे १० डेसिबल खाली. दोन शेजारचे माइक सारखेच वर असले आणि गायक त्यांच्यामधून चालला, तर आवाज पोकळ होतो, डब्यातून आल्यासारखा.

नुसतं ऐकून फेडर हलवाल तर नेहमी उशीर होईल. शेजारी पियानो-व्होकल स्कोअर (गाणं आणि पियानोवर उतरवलेली साथ यांची स्वरलिपी) घेऊन एक जण हवाच. तालमीत प्रत्येक हालचाल त्यावर पेन्सिलने टिपायची, 'डावीकडून दुसरा, मागे' अशी, आणि प्रक्षेपणात दोन बार (स्वरलिपीतले तालाचे खंड) आधी सांगायची. माइक बदलायचा तो गायक श्वास घेतो तिथे. लांबवलेल्या स्वराच्या मध्येच बदललात तर आवाजाचा पोत बदललेला लगेच कळतो.

पावलांसाठी स्टँडखाली जाड फोम आणि ८० हर्ट्झला लो-कट (त्याखालचे आवाज गाळणारा फिल्टर). 'द मॅजिक फ्लूट'मधल्या सारास्त्रो या पात्राचा सर्वांत खालचा स्वर ८७ हर्ट्झच्या आसपास आहे, तोही वाचतो.

विंगेतून:
एक पुस्ती. पडद्यामागचं गाणं जवळच्या माइकने उचलू नका. 'तोस्का'च्या दुसऱ्या अंकात खिडकीतून समूहगान ऐकू येतं आणि पोलीसप्रमुख स्कार्पिया खिडकी लावून घेतो तसं ते तुटतं. रेडिओवर खिडकी दिसत नाही, फक्त आवाजातलं अंतर कळतं. तिथे माइक ठेवलाच असेल तर खिडकी मिटताक्षणी फेडर पूर्ण खाली, नाहीतर कोरसची कुजबुज हवेत जाते.

खर्ज:
आभार. पुढे वाग्नरचा 'दास राइनगोल्ड' आहे. सुरुवात फारच हळू, कॉम्प्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारं यंत्र) लावू?

फेडरवाला:
नको. तो शांत जागी खोकले आणि पंख्यांची घरघर वर ओढतो. सुरुवातीला डबल बासचा स्वर ३९ हर्ट्झच्या आसपास असतो, छोट्या रेडिओत जवळजवळ येतच नाही. पाचव्या बारला 'बसून' ही फुंकवाद्यं येतात तेव्हा कुठे काही कानावर पडतं. फेडर ५-६ डेसिबल वर ठेवून सुरू करा आणि प्रिल्यूडच्या (सुरुवातीच्या वादनाच्या) १३६ बारांत इंचाइंचाने खाली या. चढण तरीही चढणच वाटते.

खरा धोका स्टेशनच्या सायलेन्स डिटेक्टरचा. तो २० सेकंदांवर लावलेला असेल तर ऐन प्रिल्यूडमध्ये राखीव रेकॉर्डिंग वाजायला लागेल. तेवढ्यापुरता ९० सेकंदांवर न्या, पातळीही खाली करा, आणि सुरुवात अतिशय मंद आहे हे निवेदकाला आधीच सांगायला लावा. जवळपास अडीच तास मध्यंतर नाही, तेव्हा राखीव लाइनची चाचणी आधीच उरका.