आखाजीचा भांडखोर आणि शिकलेला बॉक्सर: कोण भारी?

तापीकाठ: काय भो, आखाजीला (अक्षय तृतीयेला) पत्त्यांच्या डावावरून दरवर्षी भिडणारा ८० किलोचा गडी आणि दोन वर्षं बॉक्सिंग शिकलेला ६५ किलोचा पोरगा. १५ किलोचा फरक भरून निघतो का?

लालमाती: बहुतेक वेळा निघतो. भांडखोराचा ठोसा लांबून गोल फिरून येतो, हनुवटी वर, डोळे मिटलेले. त्याआधीच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर बसतो. शिवाय सगळा जोर लावून हाणलं की अर्ध्या मिनिटात हात खाली येतात. बॉक्सर ३ मिनिटांच्या राउंडला तयार असतो.

अमळनेरी: पण पहिले पाच सेकंद धोक्याचे. भांडखोर बोलता बोलता मारतो, तिथे घंटा वाजत नाही. आणि ग्लोव्हजशिवाय मूठ कवटीवर बसली की करंगळीमागचं हाड मोडू शकतं, शिकलेल्याचंही.

लालमाती: म्हणून माझं मत पैलवानाला. पट काढला, म्हणजे पाय धरून खाली पाडलं, पाठ टेकवली, खेळ खल्लास. फक्त पट काढताना डोकं खाली घातलं तर मान समोरच्याच्या काखेत सापडते. आणि खाली डांबर असेल तर उचलून आपटू नये, डोकं फुटून माणूस जातो.

तापीकाठ: समोर तिघं असले तर?

अमळनेरी: पळायचं भो. एकाला खाली दाबून बसलास की बाकीचे दोघं लाथा घालतात.