मदत हवी आहे : मद्यपान आणि उतारवयातील स्नायूंची झीज
सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यात राहणारे माझे वडील सत्तरीला आले असून रोज संध्याकाळी मद्य घेण्याची त्यांची सवय जुनी आहे. अलीकडे त्यांच्या मांड्या बारीक झाल्या आहेत आणि खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागतो. (बाबा मात्र ‘वयच झालं’ एवढेच म्हणतात.) मद्यामुळे स्नायूंमधील प्रथिननिर्मिती मंदावते, हे मला ठाऊक आहे. उतारवयातील स्नायूंची झीज ओळखण्याच्या आशियाई निकषांनुसार पुरुषाच्या हाताची पकड 28 किलोपेक्षा कमी भरल्यास ती क्षीण मानतात. ही तपासणी खानापुरात किंवा बेळगावात कोठे होते? जुनी सवय एकाएकी तोडल्यास कंप किंवा झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची आहे. घरी येऊन मराठीतून व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.