भूतबाधा हाच सापळा होता
एखाद्या महाराजांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला की 'महाराजांच्या अंगात वाईट शक्ती शिरली, त्यांचा काय दोष' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आमच्या इंदूरच्या आश्रमातून २०१३ साली आसारामबापूला अल्पवयीन मुलीवरच्या बलात्कारासाठी अटक झाली, ते प्रकरण आठवा. ती मुलगी त्याच्याच छिंदवाड्याच्या वसतिगृहात होती; तिथून आईवडिलांना निरोप गेला की मुलीला भूतबाधा झालीय, आणि उपायाच्या नावाखाली तिला जोधपूरजवळ नेलं. म्हणजे भूत आधीच पुढे केलेलं होतं! २०१८ मध्ये जन्मठेप झाली ती माणसाला.

तेव्हा आमच्या वाड्यात मावश्या 'कलीचा संचार' म्हणत हळहळायच्या. त्या पोरीचं काय, हे कुणी विचारेना. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अंगारे-उताऱ्यांत दिवस गेले तर वैद्यकीय पुरावाही हातचा जातो.