छावणीतल्या मुलींची शाळा का सुटते? नड की मानसिकता?

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर
परवा ओळखीतलं कुणीतरी म्हणालं, निर्वासितांच्या छावणीतल्या पोरींना आईबापांनाच शिकवायचं नसतं. मला हे पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या 2018 च्या अहवालात प्राथमिकला दर 10 मुलग्यांमागे 8 पेक्षा कमी मुली, माध्यमिकला 7 पेक्षाही कमी. म्हणजे आईबाप पाठवतात, पोर पुढे गळते. मंगळवेढ्याकडे नोकरीत असताना माझ्या वर्गात ऊसतोडीवाल्यांची एक मुलगी होती. दिवाळीनंतर आईबाप उसाच्या फडात, ही कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला. उन्हाळ्यात परत आली ती भावाला कडेवर घेऊनच. त्याला पायाशी बसवून पाढे म्हणायची. सातवीनंतर दिसली नाही.

दुकानदार, अक्कलकोट रोड
बाई, मग त्याच घरातला पोरगा शाळेत कसा टिकतो? शाळेचा रस्ता त्यालाही तेवढाच लांब. 2017 मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले. कॉक्स बाजारच्या छावण्यांत बांबूच्या वर्गांत लहान मुली दिसतात, पण न्हाण आलं की घरी बसवतात. कोण बसवतं? आईबापच ना?

विडी कामगाराची मुलगी, कुंभारी
दादा, बसवतात हे खरं. पण तिथे संडास सामाईक, रात्री वाटेवर अंधार, झोपडीला धड कडी नाही. बाप भितो हो. आमच्या घरी भीती नव्हती, नड होती. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची, आई वळायची आणि मी दोरा बांधायची. सकाळी कारखान्यात माल द्यायचा, छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तिची मजुरी गेली. त्या दिवशी शाळा बुडायची. तरी आठवीच्या वह्या आईनंच विडीच्या पैशातून आणल्या. तिला मानसिकता म्हणू नका.

दुकानदार, अक्कलकोट रोड
ताई, तुमच्या आईला नाही म्हणत. माझी आजीही विड्या वळायची. पण दोरा तुम्हीच का बांधायचा, भावानं का नाही?

विडी कामगाराची मुलगी, कुंभारी
त्याला कुणी सांगितलंच नाही. एवढं तुमचं बरोबर.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर
हे मलाही टोचलं. तरी सांगते, मुलींना एसटीचा पास फुकट झाल्यावर 'लांब आहे' म्हणणारे काही बाप गप्प झाले, मी पाहिलंय. कॉक्स बाजारलाही मुलींचे वेगळे वर्ग काढले, ने-आण करायला बाई दिली, तेव्हा मोठ्या मुली परत वर्गात आल्या. आईबाप तेच होते.