किर्लोस्करवाडीच्या आधीचा किर्लोस्कर कारखाना

प्रश्न : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, असे सर्वत्र वाचायला मिळते. दुकानातून ते कारखान्याकडे कसे वळले, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

उत्तर 1 : आरंभी कडबा कापण्याची यंत्रे तयार झाली आणि पुढे लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये पक्की असल्यामुळे पहिले नांगर खपायला सुमारे 2 वर्षे लागली. माझ्या मते, त्या काळात हातातला माल सोडून न देता तो सुधारत राहण्याची चिकाटी हेच खरे भांडवल होते. आमच्या गोठ्यात आजोबांचे कडबा कापण्याचे यंत्र अजून आहे. त्याच्या चाकाचा दांडा तळहातांनी घासून आरशासारखा गुळगुळीत झाला आहे.

उत्तर 2 : वरील उत्तराला एक जोड देतो. बेळगावची जागा नगरपालिकेच्या आदेशामुळे सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा, निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि 1910 साली तेथे कारखाना व वसाहत, म्हणजेच किर्लोस्करवाडी, उभी राहिली. बंधू रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था सांभाळली, म्हणून लक्ष्मणरावांना यंत्रांकडे पूर्ण लक्ष देता आले. रामुअण्णांचा हा वाटा फारसा सांगितला जात नाही, याचे मला वाईट वाटते. 1920 साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ची नोंदणी झाली.

प्रश्नकर्ता : आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. रामुअण्णांविषयी मला काहीच ठाऊक नव्हते.