गव्हर्नरच्या टीव्ही डिबेटने कुणाचं मत बदलतं का हो? (व्हर्जिनिया)

हर्नडनकर: नवरा सिटिझन झाल्यावर त्याचं पहिलंच गव्हर्नर इलेक्शन, म्हणून 2025 च्या ऑक्टोबरात आम्ही नॉरफोक स्टेट युनिव्हर्सिटीतली डेमोक्रॅट स्पॅनबर्गर आणि रिपब्लिकन अर्ल-सीअर्सची डिबेट अगदी जेवणं लवकर आटपून बघितली. अर्ल-सीअर्स बाई सारख्या मधेमधे बोलत होत्या, स्पॅनबर्गरच्याच पक्षाचा अ‍ॅटर्नी जनरलपदाचा (राज्याचा मुख्य सरकारी वकील) उमेदवार जे जोन्स, त्याच्या विरोधी नेत्याला गोळी घालण्याबद्दलच्या त्या भयंकर मेसेजेसवरून सारखं विचारत होत्या की तुम्ही त्याला पाठिंबा देणार की नाही, आणि स्पॅनबर्गर समोर बघत ढिम्म. मेसेज चुकीचेच होते म्हणाल्या, पण पाठिंब्याचं मतदारांवर ढकललं. मला वाटलं गेल्या ह्या. तर जवळपास 15 टक्क्यांनी जिंकल्या, आणि तो जोन्सही अ‍ॅटर्नी जनरल झाला!! मग हे सगळं बघायचं कशाला?

खवचट_काका: करमणूक म्हणून बघायचं, दुसरं काय 😀 आपल्याकडे मुख्यमंत्रीपदाचे दोन उमेदवार शेजारी उभे राहून तासभर उत्तरं देतायत असं तरी कुठे बघायला मिळतं?

लाउडनवासी: काका, करमणूक कधीकधी महागात पडते. 2021 आठवा. 28 सप्टेंबरला अलेक्झांड्रियात गव्हर्नरच्या डिबेटला डेमोक्रॅट मॅकॉलिफ आणि रिपब्लिकन यंगकिन. मॅकॉलिफ आधी गव्हर्नर असताना त्यांनी एक बिल व्हेटो केलं होतं, शाळेतल्या पुस्तकांत लैंगिक वर्णनं असतील तर पालकांना आधी कळवा असं काहीसं, त्यावरून यंगकिनने डिवचलं आणि हे बोलून बसले की शाळांनी काय शिकवायचं हे पालकांनी सांगू नये. झालं! यंगकिनच्या लोकांनी तेवढाच तुकडा कापून जाहिरात केली आणि नोव्हेंबरपर्यंत वाजवली. आमच्या काउंटीत कोविडमधल्या बंद शाळांवरून स्कूल बोर्डाच्या मीटिंगा आधीच तापलेल्या, पालक चिडलेले, म्हणून ते वाक्य लागलं. नाहीतर कोण लक्षात ठेवतंय. 2020 ला डेमोक्रॅट बायडन राज्यात 10 टक्क्यांनी पुढे, वर्षभरात यंगकिन साधारण 2 टक्क्यांनी जिंकले. सगळं त्या वाक्यामुळे असं मी म्हणणार नाही, पण डिबेट बघणारे थोडे आणि ती क्लिप बघणारे भरपूर हे नक्की. 2025 ला फेडरल सरकारचं शटडाउन (कामकाज ठप्प) चालू, निम्म्या शेजाऱ्यांचे पगार अडकलेले, त्यात जोन्सचे मेसेज कोण धरून बसणार?

हर्नडनकर: म्हणजे स्पॅनबर्गर मुद्दामच ढिम्म होत्या? क्लिप मिळू द्यायची नाही म्हणून?

लाउडनवासी: मला तरी तसंच वाटलं. पुढे असलेल्याने काही नवीन बोलायचंच नाही.

फिनिक्सचा_बाळ्या: आमच्या अ‍ॅरिझोनात तर 2022 च्या गव्हर्नर इलेक्शनला डेमोक्रॅट केटी हॉब्जने डिबेटलाच नाही म्हटलं. समोरची रिपब्लिकन कॅरी लेक आधी टीव्ही अँकर, कॅमेऱ्यासमोर तिचा हात कोण धरणार? सगळे म्हणाले पळपुटी, मीही चार शिव्या घातल्या, आणि हॉब्ज जिंकली की, फक्त 17 हजारच्या आसपास मतांनी. आता न येऊन जिंकली की न आल्यामुळे एवढी घासून जिंकली, ते तुम्हीच ठरवा.

रिचमंडची_मावशी: सगळे दोघांबद्दलच बोलताय. 2021 च्या त्याच डिबेटमध्ये प्रिन्सेस ब्लँडिंग नावाची तिसरी उमेदवार प्रेक्षकांत बसलेली, बॅलटवर नाव असून स्टेजवर जागा नाही. ती उठून ओरडायला लागली, प्रक्षेपण थांबवून तिला बाहेर काढलं. 2018 ला रिचमंडमध्ये पोलिसांच्या गोळीने तिचा भाऊ गेला होता, त्यातून ती राजकारणात आली. तिला 1 टक्काही मतं पडली नाहीत हे मान्य, पण पोलिसांबद्दल त्या दोघांना तिच्यासारखा प्रश्न कुणी विचारला असता का? हर्नडनकर, पुढच्या वेळी स्टेजवर कुणाला बोलावलं नाही तेही बघा, आणि नवऱ्याला सांगा व्हर्जिनियात इलेक्शन दरवर्षी असतं, हाउस ऑफ डेलिगेट्सचं (राज्याच्या विधिमंडळाचं खालचं सभागृह) दर 2 वर्षांनी येतं, तेव्हा झोपू नकोस.

खवचट_काका: मावशी, तो डिबेटलाच झोपला असेल 😀

हर्नडनकर: काका 🤐 पहिल्या ब्रेकलाच.