कंपनी मोठी झाली की लगेच दंड? हे बरोबर काय?

टिळकवाडीकर:
काल आरपीडी क्रॉसला चहावर लई वाद झाला, म्हणून इथं टाकतोय. गूगलनं अँड्रॉइड फुकट दिलं, मॅप फुकट, म्हणून तर खानापूरच्या आतल्या गावातपण स्मार्टफोन पोचला, आणि 2022 मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानं (बाजारात मक्तेदारी चालू नये म्हणून बघणारी सरकारी संस्था) त्यांनाच 1,337 कोटींचा दंड ठोकला. पुढं गेला की पाय ओढायचे, असंच नव्हं हे? उद्या उद्यमबागेतली एखादी फौंड्री सगळ्यात भारी कास्टिंग करायला लागली आणि सगळ्या ऑर्डरी तिलाच गेल्या तर तिलापण दंड लावणार काय?

फौंड्रीवाला:
नाही लावणार वो. 2002 च्या स्पर्धा कायद्यातलं कलम 4 बघा, मोठं असणं गुन्हा नाही, त्या जोरावर दुसऱ्याची वाट अडवणं गुन्हा. तुमच्या फौंड्रीनं सांगितलं की पंपाची बॉडी पाहिजे तर व्हॉल्व्हपण माझाच घ्या आणि दुसऱ्याचा माल दारात उतरवू नका, मग? अँड्रॉइडला तेच झालं, प्ले स्टोअर पाहिजे तर सर्च, क्रोम, यूट्यूब सगळं आधीच फोनात टाका. आता प्ले स्टोअर नसलेला फोन विकणार कुणाला?

निपाणीकर:
फुकट फुकट काय लावलंय मर्दा. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं, 2021 या एका वर्षात गूगलनं 26 अब्ज डॉलर वाटले, कशाला तर फोनात आणि ब्राउझरात आपलंच सर्च पहिल्यापासून असावं म्हणून. माल एवढा भारी तर पैसे का मोजले? ऑगस्ट 2024 ला न्यायाधीश अमित मेहतांनी ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. (त्याच निकालात गूगलचं सर्च सगळ्यात चांगलं आहे असंपण लिहिलंय, ते कोण सांगत नाही.)

टिळकवाडीकर:
बरं, मग फेसबुकचं काय? 2012 ला इन्स्टाग्राम घेतलं तेव्हा अमेरिकेच्या सरकारनं हरकत घेतली नाही आणि 2020 ला तेच कारण काढून खटला. धंदा करणाऱ्यानं कशावर भरवसा ठेवायचा?

निपाणीकर:
हे मात्र खरं, आठ वर्षांनी जाग येणं चुकीचंच.

कोर्टगल्ली:
पण तो खटला नोव्हेंबर 2025 मध्ये मेटानं, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीनं, जिंकला की. कोर्ट म्हणालं समोर टिकटॉक आहे, यूट्यूब आहे, मक्तेदारी कुठली. म्हणजे मोठी कंपनी दिसली की कायदा धोपटतोय असं काय नाही. माझी तक्रार उलटी आहे, गूगल सर्चचा खटला 2020 चा, निकाल 2024 ला, उपाय ठरले सप्टेंबर 2025 ला, तोवर लोक एआयला विचारूलालेत. आणि क्रोम विकायला लावा ही सरकारची मागणीपण फेटाळली, पैसे देऊन डीफॉल्ट, म्हणजे फोनात पहिल्यापासून, राहायलापण मुभा, फक्त दुसऱ्याला बंदी घालणारे करार नकोत. याला शिक्षा म्हणतात होय?

टिळकवाडीकर:
तरी 1,337 कोटी जास्तच वाटतात मला.

फौंड्रीवाला:
अपिलात मार्च 2023 ला दंड कायम राहिला, पण आयोगाच्या दहापैकी चार सूचना उडवल्या. सरसकट गूगलच्या विरोधात गेलं नाही. निकाल नेटवर आहे, वाचा आणि मग बोला.